राधिकाचा पाट सिक झाला

मित्रांनो, मी एक जुना बूस्टर आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे. माझा डावा अर्धा भाग रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या एका घरात, गाडीची किल्ली अडकवतात त्या खिळ्याशेजारी टांगला आहे. उजवा भाग भंगारवाल्याकडे गेला. माझ्या अंगावर खडूने एक शब्द लिहिला आहे आणि तो पुसट झाला की घरातले आबा तो पुन्हा गिरवतात. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी मार खायलाच जन्मलो होतो.

बूस्टर म्हणजे मोटारीच्या मागच्या सीटवर ठेवायची मुलांची बैठक. मला पाठ नाही. दोन्ही बाजूंना वर आलेले दोन हात आहेत, त्यांना राधिका शिंगं म्हणते. मोटारीचा पट्टा मोठ्या माणसांच्या मापाचा असतो. लहान मूल तसंच बसलं तर तो गळ्याला घासतो आणि खाली पोटावर येतो. मी मुलाला चार-पाच बोटं वर उचलतो, बस. मग पट्टा खांद्याच्या हाडावर आणि मांड्यांवर बसतो. हाडं मार सोसतात, पोट सोसत नाही. माझं सगळं काम एवढ्यात आलं.

माझा जन्म साच्यात झाला. उकळतं प्लॅस्टिक साच्यात कोंबलं, वरून यंत्राने दाबलं, आणि अजून वाफाळत असतानाच मला बाहेर फेकलं. आमच्यातल्या एकाला उचलून तपासणीच्या खोलीत नेलं. तिथे त्याच्यावर एक बाहुला बसवला, पट्टा आवळला, आणि गाडा रुळांवरून सुसाट सोडून एकदम थांबवला. धाडकन आवाज झाला. बाहुला शाबूत राहिला, माझा भाऊ नाही. माणसांनी समाधानाने माना हलवल्या आणि त्याचे तुकडे डब्यात टाकले. आपलं आयुष्य एकाच धक्क्याचं आहे, हे मला तेव्हाच कळलं.

मला घरी आणलं स्नेहलने. ती एका दवाखान्यात अपघात विभागात नर्स. सहा वर्षांची एक मुलगी तिच्या विभागात आली होती. अंगावर जखम दिसत नव्हती, पोटावर फक्त मोटारीच्या पट्ट्याचा निळा वळ होता. आतडं आत फाटलं होतं. दोन दिवसांनी ती मुलगी गेली. स्नेहलची राधिकाही सहाच वर्षांची. घरी येऊन स्नेहलने तिचं पोट हाताने चाचपून पाहिलं आणि रडली.

दुसऱ्या दिवशी ती गोल बाजारात गेली. दुकानदाराने तिला जाड उशी दाखवली. "दीदी, यही रख दो, बच्ची ऊँची हो जाएगी," तो म्हणाला. स्नेहलने उशी हाताने दाबली. ती दबली. "धक्का लागला की हे दबते, अन् पोट्टी पट्ट्याखालून घसरते," ती स्वतःशीच म्हणाली आणि परत आली. मग तिने मला टपालाने मागवलं. मागवण्याआधी राधिकाला किराणा दुकानाच्या काट्यावर उभं केलं. वजन एकवीस किलो भरलं. मोटारीची मागची सीट तपासली. मधल्या जागेला कमरेचाच पट्टा होता, म्हणून ती बाद. खिडकीशेजारी खांद्यावरून येणारा पट्टा होता आणि सीटला डोकं टेकायला उंच पाठही होती. मला पाठ नसल्यामुळे ती लागतेच. म्हणून माझी जागा तिथे ठरली.

खोक्यातून मला बाहेर काढलं तेव्हा आबा, म्हणजे राधिकाचे आजोबा रामकृष्ण, पलंगावर बसले होते. रेल्वेत त्यांनी छत्तीस वर्षं डबे तपासले. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन खाली वाकायचं आणि एकेक चाक ठोकत जायचं. चाक खणखणलं तर ठीक. आवाज फुटका आला तर आत भेग. मग त्या डब्यावर खडूने 'सिक' लिहायचं. सिक म्हणजे आजारी. तो डबा कितीही भरलेला असो, कोणाचाही असो, पुढे जात नसे. ती हातोडी अजून त्यांच्या पलंगाखाली होती.

त्यांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "हे तं पाट आहे," ते म्हणाले. "कायले इतका खर्च केला? माह्या घरी लाकडाचा होता."

झालं, त्या दिवसापासून मी पाट झालो, आणि इथेच सगळी चूक झाली. पाटावर माणूस बसवला की काम संपतं, पाटाला पट्टा कोण बांधतं? आबा राधिकाला गाडीत माझ्यावर बसवायचे आणि पट्टा गळ्याला रुततो म्हणून काखेखालून घालून द्यायचे. स्नेहल पाहायची आणि तो पुन्हा नीट करायची. शेवटी तिने राधिकाकडून घोकून घेतलं: "शिंगांखालून, मांडीवर, खांद्यावरून." पट्टा लावताना राधिका ते गाण्यासारखं म्हणायची. पण आई नसली की पट्टा काखेत जायचा.

आता राधिकाच्या वडिलांबद्दल. सुशीलचं ऑफिस नव्या रायपुरात होतं. राज्य नवं, राजधानी नवी, रस्ते सहा पदरी आणि मोकळे. माणूस घरात मवाळ, पण स्टिअरिंगला हात लागला की त्याचं डोकं फिरायचं. कोणी पुढे गेलं की त्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. स्वतः पट्टा लावत नसे. गाडी टिंटिं करते म्हणून पट्टा पाठीमागून घेऊन खटक्यात अडकवून ठेवायचा आणि त्याच्यापुढे बसायचा. गाडीला फसवलं याचा त्याला अभिमान होता. मला तो माणूस आवडत नव्हता, हे मी लपवत नाही.

एकदा ब्राह्मणपाऱ्याच्या चिंचोळ्या रस्त्यात एका मोटारसायकलवाल्याने आमचा आरसा घासला. सुशील दार उघडून उतरला आणि त्याच्या कानशिलात भडकावली. त्याने हेल्मेट काढून सुशीलच्या तोंडावर हाणलं. सुशीलने त्याची कॉलर धरून त्याला बॉनेटवर आपटलं. गाडी हलली. लोक जमले, कोणी सोडवलं, कोणी आणखी दोन ठेवून दिल्या. राधिका माझी दोन्ही शिंगं घट्ट धरून बसली होती. तिच्या तळहातांचा घाम मला लागत होता. सुशील परत आला तेव्हा ओठातून रक्त गळत होतं आणि तो हसत होता.

"पाहिलं? आपल्या वाटेले गेला तं असं होते," तो म्हणाला.

"पापा, घर चलो," राधिका म्हणाली. घरी ती जेवली नाही.

त्यानंतर वर्षभराने, गणपती उठल्यानंतरच्या रविवारी, सुशील तिला नव्या रायपुरात तलाव दाखवायला घेऊन निघाला. स्नेहल ड्युटीवर होती. राधिकाचा धाकटा भाऊ नाना दोन वर्षांचा, तो आबांजवळ राहिला. पट्टा राधिकाच्या काखेत होता.

एका मेटाडोरने आम्हाला डावीकडून ओलांडलं आणि सुशीलच्या तोंडून एक शिवी निघाली. तो हॉर्न दाबतच राहिला. मेटाडोरवाल्याने खिडकीतून हात काढून काहीतरी इशारा केला, आणि मग संपलंच. काटा ऐंशीवर गेला, शंभरवर गेला. सुशील गाडी त्याच्या बरोबरीला आणायचा, ओरडायचा, त्याच्या अंगावर गाडी घालायचा. पत्र्याला पत्रा घासला.

"पापा, धीरे," राधिका म्हणाली.

"गप बस."

तो इतक्या जोरात ओरडला की ती माझ्यावर आक्रसली. घाबरलं की मूल आईचं काहीतरी धरतं. आई तिथे नव्हती, आईचं गाणं होतं. ती पुटपुटू लागली, "शिंगांखालून, मांडीवर, खांद्यावरून," आणि तिने पट्टा काखेतून काढून खांद्यावर ओढला, खालचा माझ्या शिंगांखाली सारला. बापाच्या रागाने त्या दिवशी एवढं एकच चांगलं काम केलं.

दुभाजकाच्या फटीतून विटांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली हळूहळू वळत होती. मेटाडोर सटकली. सुशीलने ब्रेकवर पाय दिला तेव्हा उशीर झाला होता.

मित्रांनो, त्या क्षणाची मी जन्मापासून वाट पाहत होतो, आणि तरी मला तो सोसवला नाही. पुढचा पत्रा कागदासारखा चुरगळला. काच फुटली आणि विटा आत आल्या. सुशील स्टिअरिंगवर आदळला आणि त्याच्या छातीतून आवाज निघाला. मागे राधिकाचं सगळं वजन कित्येक पटींनी वाढून पुढे झेपावलं. पट्ट्याने तिला खांद्याच्या हाडावर पकडलं, मांड्यांवर पकडलं, आणि खाली ओढण्याचा सगळा जोर माझ्या शिंगांवर आला. मी धरून ठेवलं. माझ्या उजव्या अंगात, कापडाच्या खाली, काहीतरी कट्कन तुटलं. तो आवाज कोणी ऐकला नाही.

मग सगळं थांबलं. एक वीट छपरावरून घरंगळत माझ्याशेजारी सीटवर पडली. राधिका ओरडली आणि मला बरं वाटलं, कारण ओरडणारं मूल जिवंत असतं. ट्रॅक्टरवाला आणि चार मजूर धावत आले. त्यांनी सुशीलला दार सळीने वाकवून ओढून काढलं. त्याचा जबडा तुटला होता, पाच दात गेले होते, उजवा हात कोपरापासून उलटा लोंबत होता. राधिकाला पट्टा कापून काढलं. तिच्या खांद्यापासून कमरेपर्यंत काळानिळा पट्टा उठला होता. बाकी काही नाही. स्नेहलने आपल्याच विभागात तिचं पोट पुन्हा चाचपून पाहिलं. या वेळी ती रडली नाही, तिथेच खाली बसली.

आठ दिवसांनी आबा पोलीस ठाण्याच्या आवारात गेले. आमच्या मोटारीचा चेंदा तिथे पडला होता. कागदपत्रं रक्तात भिजून गेली होती, माझी माहितीपुस्तिकाही त्यातच. आबांनी मला काढलं आणि रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. नळाखाली धुतलं. वरून मला एक ओरखडाही नव्हता. कापड काढून मात्र कोणी पाहिलं नाही.

दसऱ्याला आबा दरवर्षी आपली हातोडी पुजायचे. त्या वर्षी त्यांनी हातोडीशेजारी मला ठेवलं. मला उलटं केलं, तळाच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद वाहिली, झेंडूचं फूल ठेवलं. "यानं माही पोट्टी वाचवली," ते म्हणाले. "आता हा घरातला देव." मी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर गेलो. असे तीन दसरे माझी पूजा झाली आणि कुंकवाचे थर त्या पट्टीवर चढत गेले. तिच्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती, ती झाकून गेली.

फुलं वाहिलेली कोणाला आवडत नाहीत? मलाही आवडली. पण आतली भेग उन्हाळ्यात तापून, हिवाळ्यात आकसून वाढत होती. नाना मोठा होत होता. फळीवरून मी त्याला पाहायचो. आधी तो दुडदुडला, मग पळू लागला, मग दारावरच्या उंचीच्या खुणा राधिकाच्या जुन्या खुणांना गाठू लागल्या. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

सुशील वर्षभर गप्प होता. मग नवी गाडी आली आणि रागही थोडा थोडा परत आला. कोणी जुना विषय काढला की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "काय झालं पोरीले? काही नाही झालं," असं म्हणायचा. मी फळीवर होतो तोवर त्याचा गुन्हा फळीखाली झाकलेला होता.

नाना पाच वर्षांचा झाला त्या उन्हाळ्यात नागपूरला घरचं लग्न होतं. सकाळी सगळे तयार झाले. बॅगा गाडीत गेल्या. सुशीलने मला फळीवरून उतरवलं.

"चल नाना, आता तू पाटावर. ताईचा पाट, आता तुझा."

"एक मिनिट, पापा," राधिका म्हणाली. ती आता दहा वर्षांची होती. "नीचे पूरा कुंकू है. नव्या सीटले लागेल." तिने ओलं फडकं आणलं आणि माझा तळ पुसू लागली. तीन वर्षांचं कुंकू निघायला वेळ लागला. फडकं लाल झालं. मग ती थांबली आणि ओठ हलवत वाचू लागली.

"पापा, इसमें लिखा है, एकदा अपघात झाला की वापरायचं नाही. भले वरून ठीक दिसो. फेंक देना है."

"असं सगळ्यावरच लिहितात. नवं विकाले. चल."

"नाना नहीं बैठेगा."

"राधिका, सोड."

तिने मला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. सुशीलने ओढलं, तिने सोडलं नाही. त्याच्या कपाळावरची शीर फुगली. ती शीर मला ओळखीची होती, ब्राह्मणपाऱ्यातही फुगली होती आणि त्या रविवारीही. त्याचा हात उठला आणि तिच्या गालावर सणकन बसला. ती भिंतीवर आदळली, पण मी तिच्या हातातच होतो. नाना रडू लागला. स्नेहल स्वयंपाकघरातून धावत आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"आता मारा," ती म्हणाली. "मले मारा आधी."

राधिकाच्या नाकातून रक्ताचा थेंब माझ्या कापडावर पडला. देवाला कुंकू वाहिलं होतं, आता हे वाहिलं.

आबा उठले. त्यांनी पलंगाखालून हातोडी काढली. सुशील मागे सरला, त्याला वाटलं ती त्याच्यासाठीच आहे. आबांनी राधिकाकडे हात पसरला. "दे बेटा." तिने मला दिलं. त्यांनी माझं कापड सोलून काढलं, चष्मा पुसला आणि डाव्या बाजूला हातोडीने हलकेच टिचकी मारली. आवाज कडक आला. मग उजव्या बाजूला मारली. फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज आला.

आबांनी पुन्हा एकदा ठोकलं. पुन्हा तेच.

"छत्तीस वर्षं चाकं ठोकली मी," ते म्हणाले. "अन् घरातलं हे नाही ठोकलं. देव म्हणून ठेवलं ना. देवाले कोण ठोकून पाहते?"

"बाबा, यानं तिचा जीव वाचवला," सुशील म्हणाला.

"हव. वाचवला, अन् तिथंच हा गेला. तीन वर्षं आपण मुडद्याची पूजा करून राहिलो." त्यांनी राधिकाच्या दप्तरातून खडू मागितला आणि माझ्या डाव्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: सिक. मग हातोडीचा दांडा सुशीलसमोर धरला. "घे. मारायचंच आहे ना तुले? याले मार. पाहू कितीमध्ये तुटते."

सुशीलने हात पाठीमागे नेले.

"काहून? पोट्टीवर हात लवकर उठते."

सुशीलने हातोडी घेतली. फरशीवर माझ्यासमोर गुडघे टेकले. मी त्याच्या डोळ्यांत पाहत होतो. त्याने फार जोर लावला नाही. खिळा ठोकतात तेवढाच घाव होता, आणि त्या एका घावात मी मधोमध दोन झालो. भेग उजव्या शिंगाच्या मुळापासून थेट आरपार गेली होती. नानाच्या अंगावरचा पट्टा ज्या शिंगाखालून जाणार होता, ते शिंग टकटक करत सोफ्याखाली गेलं.

सुशीलने ते हात घालून बाहेर काढलं. तळहातावर ठेवून पाहत बसला. बाहेर नवी गाडी उभी होती, मागचं दार उघडं, बॅगा आत. थोड्या वेळाने त्याच्या खोट्या दातांतून एक आवाज निघाला. माणूस रडतो की ओरडतो ते मला समजलं नाही. तो गुडघ्यांवरच सरकत राधिकाकडे गेला. तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही. ती आईच्या मागे गेली. मित्रांनो, मी हे बदलून सांगणार नाही. ती आईच्या मागेच गेली.

ते लोक लग्नाला रेल्वेने गेले. किल्ली आबांच्या खिशात गेली. सुशीलला ती कित्येक महिने मिळाली नाही, आणि मिळाली तेव्हा तिच्याशेजारी मी टांगलेलो होतो. खिळा त्यानेच ठोकला. आता तो पट्टा पाठीमागे अडकवत नाही. राग गेला का? नाही गेला. पण किल्ली काढताना त्याचा हात थांबतो, मला पाहतो, मग किल्ली घेतो. कधी कधी घेतच नाही, पायी जातो. राधिका त्याच्याशी बोलते, पण अजून शेजारच्या खोलीतूनच बोलते. नानासाठी स्नेहलने नवा बूस्टर आणला. त्याला या घरात कोणी पाट म्हणत नाही.

आता माझं एक मागणं ऐका. माझ्यासारखे दुसरे आत्मवृत्त सांगतात आणि शेवटी म्हणतात, मला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर बसलात तर पट्टा लावा, शिंगांखालून, मांडीवर, खांद्यावरून. पट्टा गळ्याला रुतला तर मोठ्यांना सांगा, काखेत दडपू नका. गाडी चालवणारा रागात असेल तर त्याला थांबायला सांगा. तो गप बस म्हणाला तरी सांगा. आणि एकदा मी तुमच्यासाठी मार खाल्ला की मला घरात ठेवू नका, फुलं वाहू नका, धाकट्या भावाला देऊ नका. ज्याने वाचवलं त्याला फेकताना जीव तुटतो, मला माहीत आहे. राधिकानेही माझा सोफ्याखालचा तुकडा दप्तरात लपवून ठेवला आहे.

तरी मला मोडा. नव्या बूस्टरच्या जागी मीच पुन्हा बसलो असतो तर आज दारावर नानाच्या उंचीची पुढची खूण नसती. ती काल काढली. राधिकाने पेन्सिलने काढली आणि सुशीलने नानाची टाच जमिनीला टेकवून धरली होती.